अकरापैकी सातवे पुस्तक

टाकळी, मंडळ बेला
११ जून २०२५, बुधवार

चि. प्रीतीस,
जय भीम.

सकाळी पाणी भरले. दहाला बेल्याला जाऊन चष्म्याची दांडी बसवून आणली. दुपारी थोडा पडलो. चारला विहारातले वाचनालय उघडले. सहा जण आले. तीन पुस्तके परत आली, दोन गेली. साडेसहाला कुलूप लावले.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. उचलावास असा आग्रह नाही. अर्पिताला तुझ्या माहेरच्या शाळेत घातल्याचे तुझ्या भावाकडून कळले. बरे केलेस.

एक विचारायचे आहे. हर्षदीपच्या जलदान विधीला मी त्याची अकरा पुस्तके विहाराला दिली. आदिलाबादच्या तीन दिवसांच्या शिबिरातून तो ती यादी घेऊन आला होता, 'नेतृत्व आणि उद्योगातील यश : वाचलीच पाहिजेत अशी पुस्तके'. तुला आठवत असेल, ती त्याने कार्डशीटवर मोठ्या अक्षरात उतरवून वाचनालयाच्या भिंतीला लावली. पोरे यादी वाचायची आणि मला विचारायची, मास्तर, पुस्तके कुठे हायेत? म्हणून माझ्या मनात आले की त्याच्या नावाने दुसरे काही देण्यापेक्षा हीच द्यावीत. अकराही पुस्तकांवर मी माझ्या हाताने शिक्का मारला, 'कालकथित हर्षदीप यांच्या स्मरणार्थ'. शिक्का पहिल्या पानावर मारतात. पुढची पाने मी उघडली नाहीत. उघडवत नव्हती.

आज केशवराव यादीतले तिसरे पुस्तक परत घेऊन आले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते हाताला लागेल ते वाचतात.

"मास्तर, तुमच्या पोरानं तं पुस्तकात पेपर लिवला," ते म्हणाले. "मार्कं कोन देनार, तुमी?"

मी विचारले, कसला पेपर.

"पाहा ना. धडा सरला का खाली प्रश्न, अन् प्रश्नाखाली टिंबटिंब. आपन नुसतं वाचतो. यानं समदी उत्तरं लिवली. तारीख टाकून."

मी पुस्तक घेतले. निळ्या पेनाने लिहिलेले त्याचेच अक्षर. एका ठिकाणी प्रश्न होता, 'तुमच्या निर्णयाला घरातून कोण विरोध करते?' त्याने लिहिले आहे, 'कोणी नाही. बाबा काही बोलत नाहीत.'

केशवराव गेल्यावर मी पंखा लावून बसलो, तरी सदरा ओला झाला. हळदीच्या गाडीचा बॉयलर फुटून हर्षदीप आणि त्याच्याकडे गाडीवर कामाला असलेला दौलत गेले त्याला तीन महिने झाले. या तीन महिन्यांत ही पुस्तके सगळ्या गावात फिरली आहेत.

तो पुस्तकांत लिहीत असे हे तुला माहीत होते का? एवढेच कळव.

बाबा


१३ जून, शुक्रवार

चि. प्रीतीस,

उत्तर आले नाही. पत्र अजून पोचले नसेल.

काल आणि आज मिळून दहा पुस्तके वाचली. वाचली म्हणजे त्याने लिहिलेले तेवढे वाचले. पुस्तकांची नावे मला सगळी सारखीच वाटतात, म्हणून यादीतल्या क्रमांकाने लिहितो. पहिल्यात त्याने पाच वर्षांचे ठरवले आहे. हळद शिजवायची एक गाडी आहे, तिच्या तीन करायच्या. नंतर पैनगंगेपलीकडच्या गावांत जायचे, नंतर स्वतःच्या नावाची हळद पुडीत भरायची. पुडीवर कोणाचा फोटो, तर अर्पिताचा. चौथ्यात 'पुढाऱ्याने शंका चेहऱ्यावर दिसू देऊ नये' या वाक्याखाली रेघ आहे. आठव्यात 'सर्वांत खालचा माणूस काय सांगतो ते सर्वांत आधी ऐका' याखाली दोन रेघा आहेत. पुस्तकांनी त्याला वाईट शिकवले असे मला म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी त्यांत होत्या.

सहाव्याच्या शेवटच्या पानावर हे आहे, '३ मार्च. दौलतभाऊ झडपेचे पुन्हा बोलला. सातव्या पुस्तकात निर्णयाचा धडा आहे, तिथे सविस्तर लिहीन.'

सातवे पुस्तक कपाटात नाही.

मी नोंदवही काढली. ४ जूनला ते गेले आहे. नोंद माझ्या अक्षरात आहे आणि समोर सही आहे, मयूरी दौलत. दौलतची मोठी मुलगी, बासरला शिकते ती. सुट्टीत आली आहे. मीच ते पुस्तक कपाटातून काढून तिच्या हातात दिले होते. तिने विचारले, "यात काय हाय, गुरुजी? मले कॉलेजात नेतृत्वावर दहा मिनिटं बोलाचं हाय." मी म्हणालो, निर्णय कसे घ्यावेत ते आहे, तुझ्या कामाचे आहे.

त्या दिवसापासून ती ते वाचते आहे. आज नववा दिवस.

मी पोलिसांना काय जबाब दिला ते तुला माहीत आहे. तू दाराआड उभी होतीस.

बाबा


१५ जून, रविवार

चि. प्रीतीस,

आज दौलतच्या घरी गेलो. बॉयलर फुटला त्या ९ मार्चनंतर पहिल्यांदाच. त्या गल्लीतून जावे लागू नये म्हणून मी तीन महिने विहाराला मागच्या वाटेने जात होतो.

हातात वेगळे एक पुस्तक घेतले होते, चांगले जाड. हे घे आणि ते दे, असे म्हणायचे ठरवले होते. वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिले.

मयूरीची आई, देवकाबाई, अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवले आणि पदर घेतला. "या, मास्तर," म्हणाली, आणि बाज पुढे ओढली. मयूरी दारातच बसली होती. पुस्तक तिच्या मांडीवर उघडे होते. पाने उजवीकडे जास्त होती, डावीकडे कमी. मी आधी तेच पाहिले.

"कुठवर आलीस?" मी विचारले.

"चौथा धडा सरला. लिवून घेऊन राह्यली ना, म्हनून उशीर."

"हे दुसरं आणलं आहे. हे सोपं आहे. ते दे, दुसऱ्या कोणाला हवं आहे."

"कोनाले?"

मी हातातले पुस्तक पुढे केले. ती हसली. "गुरुजी, मुदत पंधरा दिवसाची हाय ना? तुमीच भिताडाले लावलं. एकोनीसपर्यंत माहं हाय."

भिंतीवरचा तो नियम माझाच आहे. तिने पुढे सांगितले, "यात हर्षदीपकाकानं लिवलं हाय. वाचाले बरं वाटते. मानूस बोलून राह्यला असं वाटते."

"काय लिहिलं आहे?"

"असंच. पानी कोनत्या गावात बरं हाय, कोनाची हळद जाड. एका जागी माह्या बाबाचं नाव हाय, दौलतभाऊले नवीन बूट घ्याचे, असं."

देवकाबाईने चहा आणला. तिने विचारले, "मास्तर, एक इचारू का? राग नका मानू."

मी मान हलवली.

"तुमी पायलं होतं का त्यायले झडपेले तार बांधताना? तुमच्या डोयानं?"

मयूरीने पुस्तकातून मान वर केली. मी कपाकडे पाहिले. चहावर साय धरली होती. मी म्हणालो, चहा चांगला झाला आहे. मग उठलो.

हेच मी तिला उत्तर दिले, प्रीती. चहा चांगला झाला आहे. मी फाटकापाशी आलो तेव्हा मागून सूप पुन्हा चालू झाले.

निर्णयाचा धडा पाचवा आहे. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर धड्यांची नावे आहेत, तिने पुस्तक उचलले तेव्हा वाचली.

बाबा


१७ जून, मंगळवार

चि. प्रीतीस,

तुझे उत्तर येणार नाही असे आता वाटते. तरी लिहितो. दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, कारण दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

८ मार्चला आपण तिघे जेवत होतो. अर्पिता झोपली होती. हर्षदीप म्हणाला, "झडप लवकर उघडते, वाफ समदी वाया जाते. तार बांधून चालवून राह्यलो." तू म्हणालीस, नवीन आणत काऊन नाही? तो म्हणाला, आणायला दोन दिवस लागतात, दोन दिवस गाडी थांबली तर लोक दुसऱ्याची बोलावतात. तू माझ्याकडे पाहिलेस. मी भाकरी मोडत होतो. मोडत राहिलो.

वाफ आपोआप बाहेर पडावी म्हणून ती झडप असते. एवढे विज्ञान मी चौथीच्या पोरांना चौतीस वर्षे शिकवले. कुकरचे चित्र काढून.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला तो आवाज आला.

मग पोलीस आले. एसआय तेलुगूत विचारत होते, एक शिपाई हिंदीत सांगत होता, त्याची गरज नव्हती, मला तेलुगू येते. त्यांनी विचारले, तार कोणी बांधली? आत हर्षदीप झाकलेला होता. बाहेर सगळे गाव उभे होते. मी म्हणालो, दौलतने. मुलाने त्याला नको म्हटले होते, तरी त्याने बांधली. कोणी मला असे सांगायला सांगितले नव्हते. त्यांनी तेलुगूत लिहून घेतले. मी सगळे वाचले आणि खाली मराठीत सही केली. तू दाराआडून एवढेच म्हणालीस, "बाबा, तुमी मास्तर हाय." जलदान झाल्यावर तू बॅग भरलीस.

तेव्हापासून गावात दौलतला काय म्हणतात ते तू ऐकलेले नाहीस. हापशीवर देवकाबाई आली की बायका भांडी घेऊन मागे सरकतात. मागच्या महिन्यात एक जण वाचनालयात माझ्यासमोर म्हणाला, "त्या दौलत्यानं सोन्यासारखा पोरगा खाल्ला." माझे समाधान व्हावे म्हणून म्हणाला. मी नोंदवहीत रेघा मारत राहिलो.

आता मला भीती वाटते. दार वाजले की वाटते मयूरी आली. सायकलची घंटा ऐकली तरी उठून दारापाशी जातो. ती वाचेल आणि काय करेल ते मला कळत नाही. ओरडली तर सहन होईल. ती ते घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि काही बोललीच नाही तर काय करावे, हे मी रोज ठरवतो आणि रोज ते मोडते. आणि हर्षदीपचे नाव. अकरा पुस्तकांवर ते आहे. अर्पिता मोठी होईल, इथे येईल, वाचेल.

आज दाढीच्या डब्यातले नवे ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवले आहे. एक पान शिवणीपाशी कापले तर दिसत नाही. मला हे माहीत आहे कारण पोरांनी असे कापलेले मी पकडले आहे. पुस्तकाचे पान फाडणाऱ्या पोराला मी दिवसभर उभे करत असे. माझे वडील पाटलाच्या वाड्यावर सालाने राबले. त्यांना वाचता येत नव्हते. माझे पहिले पुस्तक त्यांनी हात धुऊन हातात घेतले होते.

सातवे पुस्तक एकोणीसला येईल.

बाबा


१९ जून, गुरुवार

चि. प्रीतीस,

चारला कुलूप उघडले. चार दहाला मयूरी आली. पुस्तक पिशवीत होते. टेबलावर ठेवून म्हणाली, "सरलं नाही, गुरुजी. चौथ्याच्या पुढं गेलीच नाही. आईसंगं दोन दिस निंदनाले गेल्ती. पुन्हा पंधरा दिस देता का? सोमवारी बासरले जाची हाव, संगं नेतो."

नियमाप्रमाणे पुन्हा देता येते, पुढे कोणी मागितले नसेल तर. कोणी मागितलेले नव्हते.

मी म्हणालो, ठेवून जा. नोंद करून ठेवतो, उद्या घेऊन जा.

"आताच करा ना."

"उद्या ये."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुमची तब्येत बरी नाही का, गुरुजी?" आणि गेली. जाताना माठातले पाणी तांब्यात भरून माझ्यासमोर ठेवून गेली.

त्यानंतर दोघे जण आले. त्यांना आज पुस्तके मोजायची आहेत म्हणून परत पाठवले. दार लोटून घेतले.

पान एकशे अकरा. प्रश्न आहे, 'तुम्ही टाळत असलेला एक निर्णय प्रामाणिकपणे लिहा.' त्याखाली चारच ओळींची जागा आहे. त्याला ती पुरली नाही, तो कडेने वर चढत गेला आहे. जसे आहे तसे उतरवतो.

'५ मार्च. झडप. दौलतभाऊने तीनदा सांगितले. आज म्हणाला, मालक, तार सोडल्याबिगर मी उद्यापासून गाडी पेटवणार नाही. मी त्याला चार लोकांत बोललो. भित्रा म्हटले. तार मी बांधली, मीच बांधली, त्याने हात लावला नाही. संध्याकाळी तो पुन्हा आला, म्हणाला, तुमी एकटे पेटवान तं मी संगं राहीन. वाईट वाटले.'

त्याखाली दुसरा प्रश्न, 'हा निर्णय कधी घ्याल?'

'होळीनंतर.'

होळी चौदाला होती.

ब्लेड काढले. कागद उलगडला. पान उलटून पाहिले, मागे एकशे बारावर नवा धडा सुरू होतो, ते पान गेले तर त्या धड्याची सुरुवातही जाते. वाचणाऱ्याला समजणार नाही मध्ये काय होते. हा विचार मी करत होतो, प्रीती, अशा वेळी, आणि मला माझीच किळस आली. समोर बाबासाहेबांचा फोटो आहे. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. नोंदवहीकडे पाहिले. त्यात माझीच नोंद आडवी आली. ४ जूनच्या नोंदीत पुस्तकाची पाने दोनशे आठ लिहिलेली आहेत. ही सवयही माझीच, देताना पाने लिहून ठेवायची.

पुस्तक घरी आणले आहे. टेबलावर आहे. ब्लेडही आहे.

भीती गेलेली नाही. तुला वाटेल, वाचल्यावर जाईल. वाढली आहे. आता मला हेही कळले आहे की दौलत त्याच्यासाठी थांबला होता.

बाबा


२० जून, शुक्रवार

चि. प्रीतीस,

सकाळी आठला पुस्तक घेऊन देवकाबाईकडे गेलो. पुढच्या वाटेने गेलो. हापशीवर बायका होत्या, मी थांबलो नाही.

मयूरी केस विंचरत होती. "गुरुजी, मी येतच होती," म्हणाली.

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर पुन्हा चहा झाला असता. पान काढून पुस्तक तिच्या हातात दिले आणि म्हणालो, आईला वाचून दाखव. कडेला वर गेलेलेही वाच.

तिने वाचले. सुरुवातीला मोठ्याने, मग आवाज लहान झाला. 'मीच बांधली'पाशी ती थांबली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, पुढे वाच. तिने शेवटपर्यंत वाचले. होळीनंतर, हेही.

देवकाबाई चुलीपाशी बसली होती. तिने तारेचे काही विचारले नाही. म्हणाली, "ते मागचं वाच. त्यायनं काय म्हटलं ते."

मयूरीने वाचले, मालक, तार सोडल्याबिगर मी उद्यापासून गाडी पेटवणार नाही.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले. देवकाबाई म्हणाली, "मले घरी येऊन सांगतलं होतं त्यायनं, म्या नाही म्हटलं म्हनून. मी कोनाले सांगू? कोन आयकनार होतं माहं?" मग पुन्हा म्हणाली, वाच. तिसऱ्यांदा मयूरीला वाचता आले नाही. मी वाचले. पुस्तक हातात न घेता वाचले, मला ते पाठ झाले आहे.

मग मी त्यांना जबाबाचे सांगितले. मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द सांगितले. मला माहीत होते आणि तरी म्हणालो, हेही सांगितले. त्या जेवणाचेही सांगितले. मला वाटत होते ती काहीतरी फेकून मारेल. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"गावात सांगसान का?" तिने विचारले.

"आधी पोलिसांना सांगतो. उद्या बेल्याला जातो. मग विहारात सगळ्यांसमोर."

"मास्तर, मी तुमाले माफ बिफ नाही करत," ती म्हणाली. "तुमी सांगा. मग पाहू."

मयूरी मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "पुस्तक माह्यापाशी राहू द्या. मुदत किती लिवता?"

मी म्हणालो, मुदत नाही.

"नेम तं तुमचाच हाय."

"हो," मी म्हणालो.

वाचनालयात येऊन नोंद केली. पुस्तक सातवे, पाने दोनशे आठ, परतीच्या रकान्यात काही लिहिले नाही.

कोऱ्या कागदावर नवा जबाब मी स्वतःच लिहिला आहे, तेलुगूत, म्हणजे कोणी लिहून घ्यायला नको. एक नक्कल या पत्रासोबत आहे. त्यात मी लिहिले आहे की घरात हे फक्त मला माहीत होते. तुझे नाव घातलेले नाही. घालायचे की नाही ते तू ठरव. हर्षदीपच्या नावावर आता काय लागेल ते मला माहीत नाही. आठव्या पुस्तकातली दोन रेघा मारलेली ओळ मी पुन्हा पाहून आलो. त्याला ती ओळ दिसली होती. मला कोणी वाचायला दिली नाही असे मी म्हणू शकत नाही, भिंतीवर यादी होती.

एसआय काय विचारतील, तीन महिने का गप्प होतात म्हणतील, तेव्हा काय सांगायचे ते सकाळपासून ठरवतो आहे. उद्या नऊची बस आहे.

जायला नेसायचे पांढरे धोतर आहे, सदरा मळला होता. आता तो बादलीत भिजवला आहे. कॉलर दोनदा घासावी लागेल. दिवस आहे तोवर धुऊन दोरीवर घालतो.

बाबा